क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप: विषाणू गोठवून का पाहतात?

मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने देशातल्या पहिल्या कोरोना रुग्णाच्या नमुन्यातील विषाणूची छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्यात सुमारे ७५ नॅनोमीटरचा कण आणि त्यावरचे काटे दिसले. अशा छायाचित्रासाठी नमुन्याला जड धातूच्या क्षारांचा रंग देऊन तो वाळवतात. त्यातून बाह्य आकार कळतो, अणूंची मांडणी नाही.

त्यासाठी क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. नमुन्याचा पातळ थर सुमारे उणे १८० अंशांच्या द्रव इथेनमध्ये झटकन बुडवतात. बर्फाचे स्फटिक होण्याआधीच पाणी काचेसारखे घट्ट होते आणि प्रथिने आहेत त्या स्थितीत थांबतात. मग हजारो कणांच्या पुसट प्रतिमा जुळवून संगणक त्रिमितीय रचना तयार करतो. या तंत्राला २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी याच तंत्राने कोरोनाच्या काट्याची रचना उलगडली. अनेक लशी याच काट्यावर बेतलेल्या आहेत.

हे यंत्र कोट्यवधी रुपयांचे असते आणि त्याला सतत द्रव नायट्रोजन लागतो. प्रत्येक संस्थेला ते परवडत नाही. म्हणून बेंगळुरूतल्या राष्ट्रीय केंद्रासारख्या सामायिक सुविधेत इतर संस्थांचे संशोधकही वेळ ठरवून नमुने तपासतात.