रंगाची ट्यूब आणि घाईचं उत्तर

पावसाळ्यात कोयनानगरला धरणाकडे तोंड करून बसा. दहा मिनिटांत समोरचा डोंगर दिसतो, ढगात जातो, पुन्हा दिसतो. हे चित्रात पकडायचं तर घाई करावीच लागेल. संशोधनात मात्र घाई नडते. माझीही नडली.

फ्रान्समध्ये दृक्प्रत्ययवाद कसा आला? माझं पहिलं उत्तर पाठ होतं: १८४१ मध्ये जॉन रँडने धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं, रंग खिशात आले, चित्रकार उघड्यावर गेले. सोपं वाटतं ना? आता तारखा लावून बघा. कोरोने इटलीत नार्नीचा पूल उघड्यावर बसून रंगवला तो १८२६ मध्ये, म्हणजे ट्यूबच्या पंधरा वर्षं आधी! ट्यूबमुळे सोय झाली, हे खरंच. पण सोय म्हणजे कारण नव्हे.

मग बदललं काय? कोरोने पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात, म्हणजे १८२७ च्या सालोंमध्ये, तो अभ्यास ठेवला नाही. त्यावरून स्टुडिओत मोठं चित्र केलं, त्यात मेंढपाळ आणि झाडं नीट मांडली, आणि ते पाठवलं. जागेवरचा अभ्यास हे कच्चं काम, स्टुडिओतलं ते चित्र, अशी ती वाटणी होती. पुढे दोबिन्यी १८५७ पासून होडीतच स्टुडिओ थाटून नदी रंगवू लागला. १८६१ मध्ये समीक्षक गोतिए याने त्याच्यावर ठपका ठेवला की हा नुसत्या ठशावर समाधान मानतो. १८७४ मध्ये मोनेने तोच शब्द चित्राच्या नावात मिरवला. म्हणजे खरा बदल जागेचा नाही, ‘पूर्ण चित्र’ कशाला म्हणायचं याचा आहे.

आता आपल्याकडे या. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, कोल्हापूरला परतले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले. त्यांनी कोल्हापूरच्या परिसराची निसर्गचित्रं केली. ‘भारतीय दृक्प्रत्ययवादी’ असं लेबल त्यांना चिकटवायचा मोह होतो. पण चित्रं दिसायला सारखी आहेत, एवढ्यावरून प्रभाव सिद्ध होत नाही. आधी विचारा: हे काम त्यांच्या लेखी अभ्यास होतं की पूर्ण चित्र? दरबारासाठी होतं, प्रदर्शनासाठी, की स्वतःसाठी?

तुमच्या प्रस्तावातलं ‘यामुळे’ असलेलं प्रत्येक वाक्य आज काढा आणि त्यापुढे दोन तारखा लिहा. काही वाक्यं पडतील. पडू द्या, मार्गदर्शकांनी पाडण्यापेक्षा ते बरं.