संगणकाला पाणी कशाला?

ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये पाणी ओतताना जानेफळच्या मुलांनी पाहिलेले असते. खेळांसाठी लहानशा पेटीत जुळवलेल्या संगणकातही हेच तत्त्व वापरतात. त्यामागे थोडा इतिहास आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक संगणकाला मोठी खोली लागे. पुढे वेग वाढवायचा तर भाग जवळ आणणे भाग पडले, कारण एका नॅनोसेकंदात प्रकाशही जेमतेम ३० सेंटिमीटर जातो. पण जागा आक्रसली, की उष्णता कोंडते. म्हणून १९८५ च्या क्रे-२ महासंगणकाची मंडले वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेली होती. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' बनवला. त्याच मालिकेतील, २०१९ मध्ये पुण्याच्या आयसरमध्ये बसवलेल्या 'परम ब्रह्म'ची उष्णता पाणी वाहून नेते. तापमान सारखेच वाढले, तर एक लिटर पाणी एक लिटर हवेच्या तीन हजारांहून अधिक पट उष्णता सामावून घेते.

मात्र पाणी उष्णता नाहीशी करत नाही. रेडिएटरमधून ती शेवटी हवेलाच देते. मे महिन्यात खोलीतील हवाच ४० अंश सेल्सिअस असेल, तर असे फिरणारे पाणी त्याखाली जाणार नाही. मुलांचा गोंधळ नेमका येथे होतो. ट्रॅक्टरपाशी उभे करूनच त्यांना हे विचारावे.