मोरचूद, निंबोळी आणि यवतमाळचे परसदार

लिंबाच्या किंवा संत्र्याच्या बुंध्यातून डिंक ओघळू लागला, की विदर्भातला जाणता बागाईतदार धारदार चाकू घेतो. निरोगी साल लागेपर्यंत तो रोगट भाग खरवडतो आणि तिथे निळसर बोर्डो मलम फासतो. हा रोग म्हणजे डिंक्या. तो फायटोप्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होतो. यवतमाळच्या काळ्या, चिकट जमिनीत पावसाळ्यात बुंध्याशी पाणी तुंबले, की त्याचे फावते. परसातल्या एकुलत्या लिंबालाही तो सोडत नाही.

हे मलम मूळचे फ्रान्सचे. बोर्डो भागात रस्त्याकडेची द्राक्षे वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. नेमक्या त्याच वेली डाउनी रोगातून वाचल्याचे पिएर मिलार्दे यांनी 1882 मध्ये पाहिले आणि 1885 मध्ये हे मिश्रण जगापुढे मांडले. घरच्या झाडासाठी 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना आणि 1 लिटर पाणी पुरते. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करतात. त्यात लोखंडी खिळा बुडवून बघायचा; त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला.

संत्रा-लिंबाचे दुसरे जुने दुखणे कोळशी. पाने वरून काळी पडतात, पण खरी गुन्हेगार असते पानामागची काळी माशी. ती वळणदार ओळीत अंडी घालते. तिची पिल्ले रस शोषून चिकट स्राव सोडतात आणि त्यावर काळी बुरशी चढते. नुसती काजळी धुऊन भागत नाही, पान उलटून पाहावेच लागते.

अशा रसशोषक किडींवर निंबोळी अर्क मारतात. निंबोळीची ताकद प्रयोगाने दाखवली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील डॉ. एस. प्रधान यांनी. 1962 च्या टोळधाडीत निंबोळीच्या गराचे पाणी शिंपडलेल्या पिकाला टोळांनी तोंड लावले नाही. पुढे 1968 मध्ये त्यातला अझाडिरॅक्टिन हा घटक वेगळा करण्यात आला. 50 ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, गाळून 1 लिटर पाणी केले की 5 टक्के अर्क तयार होतो.

या साध्या उपायांचे मोल यवतमाळला फार महागात कळले. 2017 च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेतातली जहाल औषधे घराच्या अंगणात, लेकरे खेळतात तिथे, आणूच नयेत.

आंब्याच्या बुंध्यातून भुसा गळत असेल तर आत भिरूड आहे. भोकात तार घालून अळी ओढून काढायची, रॉकेलचा बोळा कोंबायचा आणि वरून चिखल लिंपायचा. फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही, हा बोळा पोचतो.

झाड पार वाळले, तरी शहरात ते मनाने तोडता येत नाही. 1975 च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्या अर्जापूर्वी साल खरवडून, भोके तपासून आणि बुंध्याशी साचलेले पाणी काढून पाहिले, तर पुष्कळदा अर्ज करायची वेळच येत नाही.