मालक परदेशी, कर कोणाकडून? इंदापूर-बारामतीचा महसुली इतिहास

१/ बारामतीत सदनिका, तिचा मालक परदेशात आणि भाडेकरू मात्र येथेच. अशा भाड्यावरील कर सरकार प्रथम कोणाकडून वसूल करते? भाडेकरूकडून. कायदा आधुनिक असला, तरी त्यामागचा प्रश्न या मुलखाला जुनाच आहे.

२/ मराठेशाहीत मिरासदार गाव सोडून गेला, तरी त्याचा वतनी हक्क लगेच बुडत नसे. साऱ्याची मागणीही थांबत नसे. ती पाटलामार्फत गावाकडे येई. परागंदा किंवा निर्वंश झालेल्यांची जमीन ‘गतकूळ’ म्हणून नोंदली जाई आणि अनेकदा उपरी कुळे ती कसत.

३/ पेशवाईनंतर कंपनी सरकारचे अधिकारी प्रिंगल यांनी नवी आकारणी योजली. उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे. तत्त्व रिकार्डोच्या खंड-सिद्धांताला धरून होते. परंतु १८३० च्या सुमारास ही आकारणी इंदापुरात लागू झाली, तेव्हा कागदावरचे निव्वळ उत्पन्न शेतात सापडेना. मोजणी सदोष होती, धान्याचे भाव पडले होते. जमिनी पडीक पडल्या आणि अनेक रयतांनी निजामाच्या मुलखाची वाट धरली.

४/ १८३५ मध्ये गोल्डस्मिड यांनी आणि त्यांच्यासोबत विंगेट यांनी इंदापुरातच फेरमोजणी हाती घेतली. जमिनीच्या प्रतीनुसार हलके दर ठरवून ते ३० वर्षांसाठी कायम केले. पडीक रान पुन्हा लागवडीस आले. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली.

५/ आता सारा खातेदाराच्या नावे लागला. पण खातेदारच गावी नसेल तर? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १६८ सांगते: मुख्य जबाबदाराने सारा थकवला, तर तो जमीन ताब्यात असणाऱ्याकडून वसूल करता येतो. तो कूळ असल्यास त्याच वर्षाच्या मागणीपुरता. आणि भरलेली रक्कम त्याला मालकाच्या देण्यातून वळती करून मिळते.

६/ १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १९५ ने घालून दिलेली रीत याच जातीची. मात्र येथे थकबाकीची वाट पाहिली जात नाही. अनिवासी मालकाला भाडे देतानाच भाडेकरूने कर कापून सरकारजमा करायचा. सर्वसाधारण दर ३० टक्के, अधिक उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. कपात न केल्यास जबाबदारी भाडेकरूवर येते.

७/ महिना २०,००० रुपये भाडे धरू. वर्षाचे २,४०,०००, कपात ७४,८८०. प्रत्यक्षात घरभाड्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, म्हणजे करपात्र रक्कम उरते १,६८,०००. मालकाचे भारतात दुसरे उत्पन्न नसेल, तर ही रक्कम करमुक्त मर्यादेच्या आत बसते. विवरणपत्र भरल्यास सर्व कपात परत मिळते. न भरल्यास ती सरकारकडेच राहते. कमी दराच्या कपातीचा दाखला आधीच मागण्याचीही सोय आहे.

८/ प्रिंगल यांची आकारणी अंदाजावर उभी होती आणि ती चुकली, तर दाद मागण्याची सोपी वाट रयतेपाशी नव्हती. म्हणून तिने गाव सोडले. आजची कपातही ठोकळ रकमेवर होते, परंतु हिशेब दाखवून ती परत मागता येते. ती वाट मालकाला ठाऊक असणे आणि कपातीची जबाबदारी भाडेकरूला ठाऊक असणे, या दोन्ही गोष्टी भाडेकरार करतानाच स्पष्ट व्हायला हव्यात.

(समाप्त)