हायड्रॉलिक डिस्क ब्रेक (सायकलचे) : जुळवणी व ब्लीडिंग

तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक. चाकाच्या हबवर बसवलेली पोलादी चकती (रोटर) कॅलिपरमधील दोन पॅड दोन्ही बाजूंनी पकडतात आणि चाक थांबते. माउंटन बाइकवर हे सर्रास दिसतात. मात्र ‘डिस्क ब्रेक’ असे मिरवणाऱ्या स्वस्त सायकलींवर बहुधा तारेचेच डिस्क असतात. त्यांना पुढचे काहीच लागू नाही.

कार्य : लिव्हर दाबली की तिच्यातील दट्ट्या तेल ढकलतो. बंदिस्त द्रवातला दाब सगळीकडे सारखा पसरतो (पास्कालचा नियम), त्यामुळे कॅलिपरमधील मोठे दट्टे जास्त जोराने पुढे सरकतात. दट्ट्याभोवतीची रबरी कडी थोडी पिळली जाते आणि लिव्हर सोडताच पूर्ववत होऊन दट्ट्याला मागे ओढते. पॅड झिजला तर दट्ट्या कडीतून तेवढा पुढे घसरतो. म्हणून इथे तारेसारखे ‘ब्रेक कसणे’ नसते. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. नळीत बुडबुडा शिरला की लिव्हर स्पंजासारखी लागते.

न्यू टाउनमधील वापर : कोलकात्यालगतच्या या नियोजित शहरात सायकलींसाठी वेगळे मार्ग आहेत. केंद्र सरकारच्या ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ स्पर्धेत २०२१ साली निवडलेल्या ११ शहरांत नागपूर व पिंपरी-चिंचवडबरोबर न्यू टाउनही होते. जमीन सपाट. सिंहगडाचा घाट उतरताना रोटर तापतो तसा इथे तापत नाही, १६० मिमीचा रोटर पुरतो. खरा शत्रू पाणी. वर्षाला दीड हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, त्यात चिखल आणि बारमाही दमटपणा.

जुळवणी : चाक फिरवल्यावर घासल्याचा आवाज आला तर कॅलिपरचे दोन बोल्ट किंचित सैल करावेत, लिव्हर घट्ट दाबून धरावी आणि बोल्ट आलटून पालटून आवळावेत. मागे पांढरा कागद धरून पाहावे. रोटरच्या दोन्ही बाजूंना उजेडाची बारीक रेघ दिसली पाहिजे. एकाच जागी टिक-टिक होत असेल तर रोटर वाकला आहे, कॅलिपरशी झटापट व्यर्थ. चाक काढलेले असताना लिव्हर दाबू नये, दट्टे बाहेर येऊन अडकतात.

ब्लीडिंग : म्हणजे नळीतली हवा काढणे. पॅड काढून त्यांच्या जागी ब्लीड ब्लॉक बसवतात, कारण तेलाचा एक थेंब पॅडमध्ये मुरला तरी तो बाद होतो. शिमानोच्या पद्धतीत लिव्हर आडवी करून तिच्या टाकीवर तेलाचे नरसाळे लावतात आणि कॅलिपरच्या निपलला सिरिंज जोडून तेल खालून वर चढवतात. हवा वरच जाणार, तिला तोच रस्ता द्यायचा. नळीवर हलक्या टिचक्या मारल्या की चिकटून बसलेले बुडबुडे सुटतात. मग निपल बंद करून, नरसाळ्यात बुडबुडे येईनासे होईपर्यंत लिव्हर सावकाश दाबत राहावे. घाईने दाबल्यास हवा तेलात घुसळली जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तेल : सर्वांत महाग चूक इथे होते. शिमानो, टेक्ट्रो, मागुरा यांना मिनरल ऑइल लागते. हेज, होप आणि स्रॅमच्या बहुतेक ब्रेकना डॉट द्रव. मोटारसायकलच्या गॅरेजात डॉटची बाटली हाताशी असते. तीच मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये ओतली की रबरी कड्या फुगून ब्रेक कायमचा निकामी होतो. डॉट द्रव हवेतली वाफ शोषतो : डॉट ४ चा किमान उत्कलनबिंदू कोरडा असताना २३० अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावर १५५. दमट हवेत उघडी राहिलेली बाटली म्हणूनच वापरू नये. कोणते तेल घालायचे हे बहुधा लिव्हरच्या टाकीवरच लिहिलेले असते. ते वाचून मगच झाकण उघडावे.