पावसाळ्यानंतर भिंतीवर डाग : बुरशी कशी ओळखावी आणि काय करावे?

लोहगडाच्या पायथ्याशी असलेली लोहगडवाडी मावळच्या भरपूर पावसाच्या पट्ट्यात येते. जवळच्या लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा भागात पावसाळा सरताना कपाटामागे आणि कोपऱ्यांत काळे-हिरवे डाग दिसतात, कुबट वास येतो.

मात्र प्रत्येक डाग बुरशीचा नसतो. पांढरी, भुरभुरीत पूड पाण्याच्या थेंबात विरघळली, तर तो भिंतीतून बाहेर आलेला क्षार, म्हणजेच लोणा असतो. बुरशी पाण्यात विरघळत नाही. दोन्हींचे मूळ ओल हेच असते.

त्यामुळे आधी गळके छप्पर, भिंतीतील भेगा आणि जोत्याशी साचणारे पाणी तपासावे. ओल न थांबवता वरून रंग दिल्यास पापुद्रे सुटतात आणि बुरशी परत येते.

साधारण एक चौरस मीटरपर्यंतचा डाग घरीच साफ करता येतो. खिडक्या उघडाव्यात, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालावेत. कोरडा ब्रश मारू नये, कारण बुरशीचे बीजाणू हवेत उडतात. साबणाच्या पाण्याने घासून भिंत पूर्ण कोरडी करावी. ब्लीच वापरल्यास त्यात अ‍ॅसिड किंवा अमोनिया कधीही मिसळू नये, विषारी वायू तयार होतो. आतपर्यंत बुरशी लागलेली गादी टाकून द्यावी.

दमा असलेल्यांनी आणि लहान मुलांनी या कामापासून दूर राहावे. खोकला किंवा धाप टिकून राहिल्यास डॉक्टरांना घरातील ओलीविषयीही सांगावे.