नाण्याचें मोल कशांत?

उल्हास नदीची खाडी कल्याणाकडून येऊन वसईकडे जात असतां ठाणें शहराच्या उत्तरेस तिच्या काठीं कोलशेत हें गांव लागतें. येथें मूळची वस्ती कोळी-आगरी मंडळींची. आतां त्यांच्या घरांमागें उंच उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. गेल्या दिवाळींत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीं, ह्या गांवांतल्या एक वृद्ध आजी हातांत कापडाची थैली घेऊन माझ्याकडे आल्या. थैलींतलीं नाणीं त्यांनीं माझ्या मेजावर ओतलीं. चांदीचे दिसणारे रुपये तीन, सोन्याची पुतळी एक, काळवंडलेली शिवराई एक, आणि रामसीतेचें चित्र व ईस्ट इंडिया कंपनीचें नांव असलेलें एक जाड नाणें. त्यांच्या नातवाला दूरध्वनीवरून एका अनोळखी गृहस्थाचा निरोप आला होता कीं, रामसीतेच्या नाण्याचे आम्ही आठ लाख रुपये देऊं. मात्र आधीं रिझर्व्ह बँकेच्या नोंदणीचे म्हणून साडेसात हजार रुपये भरा.

“मास्तर, पैसे भरायचे कीं नाहीं, तेवढं सांगा,” आजी म्हणाल्या.

“एक पैसाही भरूं नका,” असें मीं तत्काळ सांगितलें. परंतु त्यांचा पुढला प्रश्न इतका सोपा नव्हता. “मग ह्या बाकीच्यांचं मोल तरी काय?” आजचें हें भाषण म्हणजे त्या प्रश्नाचें उत्तर होय.

नाण्याला एक मोल नसतें, तीन असतात. पहिलें छापेचें, म्हणजे राज्यसत्तेनें त्यावर जो आंकडा घातला, तें. दुसरें धातूचें, म्हणजे तें वितळविलें असतां सराफ जें देईल, तें. तिसरें दुर्मिळतेचें, म्हणजे संग्राहक हौसेनें जें देईल, तें. हीं तीन मोलें क्वचितच जुळतात. नाण्यांच्या व्यवहारांत जो मनुष्य फसतो, तो बहुधा एका मोलाचें नाणें दुसऱ्या मोलाच्या भावानें घेतो किंवा देतो, म्हणून फसतो. ही गोष्ट आपल्या मुलुखाच्या इतिहासांत पदोपदीं दिसून येते.

कल्याण बंदराचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासग्रंथांत आहे. तेव्हांपासून ह्या खाडीच्या आणि घाटमाथ्याच्या दरम्यान माल व पैसा वाहात आला. घाट चढून नाशिकास गेलें म्हणजे तेथील लेण्यांत नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात ह्याचा शिलालेख पाहावयास मिळतो. आपण ७०,००० कार्षापणें दान केलीं, आणि ३५ कार्षापणांस एक सुवर्ण ह्या दरानें तीं २,००० सुवर्ण झालीं, असा हिशेब त्यानें दगडावर कोरून ठेवला आहे. दोन धातूंच्या नाण्यांमधला दर स्पष्ट सांगितल्यावांचून रकमेस अर्थ नाहीं, हें त्या दात्यास ठाऊक होतें.

त्याच नाशिकजवळ जोगळटेंभी येथें सन १९०६ मध्यें नहपानाच्या सुमारें १३,२५० रौप्य नाण्यांचा सांठा सांपडला. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीची छाप आढळते. ह्या सातवाहन राजानें नहपानाचा पाडाव केला, पण त्याचीं नाणीं वितळविलीं नाहींत. त्यांवर आपली छाप तेवढी उमटविली. राजा बदलला, चांदी तीच राहिली. छापेचें मोल आणि धातूचें मोल ह्यांतील भेद याहून ठसठशीत रीतीनें क्वचितच दिसेल.

पुढें ठाणें ही ज्यांची राजधानी होती, त्या शिलाहारांच्या काळीं ह्या भागांत द्रम्म हें नाणें चाले. कान्हेरीच्या लेण्यांतील नवव्या शतकाच्या लेखांत द्रम्मांच्या देणग्यांची नोंद आहे. मूळ ग्रीक शब्द द्राख्मा. त्याचा झाला द्रम्म, आणि द्रम्माचा झाला आपला दाम.

आतां सन १६७४ कडे येऊं. कल्याण-भिवंडीचा मुलूख शिवछत्रपतींनीं १६५७ मध्येंच घेतला होता. राज्याभिषेकाच्या वेळीं मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला. त्यानें आणलेल्या मागण्यांत एक अशी होती कीं, कंपनीचें नाणें महाराजांच्या राज्यांत चालावें. महाराजांनीं दिलेल्या उत्तराचा आशय इंग्रजांच्याच कागदांत नमूद आहे. कोणतेंही नाणें चालण्यास आमची मनाई नाहीं. परंतु ज्या नाण्यानें प्रजेचें नुकसान होईल, तें घेण्याची तिजवर सक्तीही करतां येणार नाहीं. तुमचें नाणें मोगलांच्या व इतर राजांच्या नाण्याइतकें चोख आणि वजनदार असेल, तर तें आपोआप चालेल. श्रोतेहो, नाण्याच्या परीक्षेचें संपूर्ण शास्त्र ह्या उत्तरांत सामावलें आहे. कस पाहा, वजन पाहा, आणि मग छाप पाहा.

पेशवाईंत हा धडा प्रत्येक सावकारास रोज गिरवावा लागे. टांकसाळी अनेक होत्या, आणि कित्येक खाजगी इसमांकडे परवान्यानें दिलेल्या होत्या. अंकुशी रुपया वेगळा, चांदवडी वेगळा. शिवाय हातोहात फिरून झिजलेला निराळाच. म्हणून रुपया देणाराकडून घेणारा बट्टा कापून घेई, आणि सराफ हा बाजाराचा खरा न्यायाधीश होऊन बसे. न्यायमूर्ति रानडे ह्यांनीं मराठी राज्यांतील नाणीं व टांकसाळी ह्या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला, तो उगीच नव्हे. राज्याची पत त्याच्या नाण्याच्या कसावरून कळते.

हा गोंधळ सन १८३५ च्या कायद्यानें मोडला. कंपनीच्या मुलुखांत एकच रुपया ठरला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग शुद्ध चांदी. आजच्या मापानें वजन ११.६६ ग्रॅम आणि शुद्ध चांदी सुमारें १०.७ ग्रॅम. आपल्या आजीपणजींनीं तराजूंत वजन म्हणून रुपये घातले, ते ह्याच भरंवशावर. परंतु चांदी जगांत स्वस्त होत चालली, तेव्हां १८९३ मध्यें सरकारनें टांकसाळी लोकांच्या चांदीस बंद केल्या. त्यापूर्वीं कोणीही चांदी देऊन रुपये पाडून घेऊं शके. त्यानंतर रुपयाची छाप त्याच्या धातूहून महाग झाली. पहिल्या महायुद्धांत उलट घडलें. चांदी इतकी कडाडली कीं रुपया वितळविणें फायद्याचें ठरूं लागलें, आणि सरकारला १९१७ मध्यें एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. दुसऱ्या महायुद्धांत, १९४० मध्यें, रुपयांतील चांदी निम्म्यावर आली. आणि १९४७ च्या रुपयांत तर चांदी मुळींच नाहीं, तो निव्वळ निकलचा आहे.

आतां आजींचे तीन रुपये पाहूं. एक १८६२ चा, व्हिक्टोरिया राणीचा. एक १९४२ चा, सहाव्या जॉर्जचा. आणि एक १९४७ चा. छाप तिघांवर एकाच रुपयाची. परंतु पहिल्यांत शुद्ध चांदी सुमारें १०.७ ग्रॅम, दुसऱ्यांत ५.८ ग्रॅम, तिसऱ्यांत शून्य. आजींना ते तिन्ही सारखेच वाटत होते, आणि एका दुकानदारानें तिन्हींना मिळून एकच भाव सांगितला होता!

येथें कोणी विचारील कीं, १८६२ चा रुपया इतका जुना, तर तो संग्राहकांत मोठा मोलाचा असेल? तसें नाहीं. १८६२ हें साल त्यापुढें कित्येक वर्षें तसेंच छापलें गेलें. म्हणून हे रुपये विपुल आहेत. उलट १९३९ सालचा रुपया त्याच्याहून सत्त्याहत्तर वर्षांनीं धाकटा असूनही फार दुर्मिळ, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही पुष्कळ. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि पुढच्या वर्षीं चित्र सुधारावें लागलें. तोही रुपया संग्राहक शोधतात. वयानें मोल ठरत नाहीं. किती उरलीं, कोणत्या स्थितींत उरलीं, आणि तीं हवीं असणारे किती, ह्यावरून तें ठरतें.

शिवराईचेंही असेंच आहे. एका बाजूस “श्री राजा शिव” आणि दुसऱ्या बाजूस “छत्रपति” हीं अक्षरें पाहून हात जोडावेसे वाटतात, आणि तें योग्यच आहे. पण हें तांब्याचें नाणें शिवकालानंतरही दीर्घ काळ, थेट एकोणिसाव्या शतकापर्यंत, पाडलें जात होतें. तेव्हां प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातींतली नव्हे. त्यांचा सोन्याचा होन मात्र फारच थोडा उपलब्ध आहे. तो कोणी स्वस्तांत देऊं लागला तर प्रथम संशय धरावा.

पुतळीची कथा तर आमच्या माजघरांतलीच. ती मूळची व्हेनिस नगराची मोहर, वजनानें सुमारें साडेतीन ग्रॅम आणि सोन्यानें जवळजवळ शुद्ध. तीवरील मानवाकृति पाहून आपण तिला पुतळी म्हटलें आणि तिची माळ गुंफली. मागणी वाढली तेव्हां इकडील सोनारांनीं तशाच पुतळ्या घडविल्या. त्यांचा कस एकसारखा नसतो. म्हणून पुतळी विकतांना तिचा कस तपासून घ्यावा, आणि ती अस्सल व्हेनिसची आहे काय, हें मुशींत जाण्यापूर्वीं जाणत्यास दाखवावें. मुशींतून परत फक्त सोनें येतें.

येथें माझ्या घरचा एक प्रमाद कबूल करतों. माझे वडील दर लक्ष्मीपूजनास घरांतले जुने रुपये चिंच आणि रांगोळीनें घांसून लखलखीत करीत. पुढें ते एका जाणकारास दाखविले, तेव्हां तो हळहळला. राणीच्या केसांच्या रेषा नाहींशा झाल्या होत्या. चांदीचें मोल तेवढें राहिलें, संग्राहकाचें गेलें. पूजेसाठीं नाणें स्वच्छ पाण्यानें धुवावें, मऊ कापडानें टिपावें, आणि घांसूं नये.

ज्यांस बचतीसाठीं सोनें घ्यावयाचें आहे, त्यांनीं फक्त धातूचें मोल द्यावें. सावरीन ७.९८८ ग्रॅमचें व २२ कॅरटचें असतें. त्यांत शुद्ध सोनें ७.३२ ग्रॅम. मुंबईच्या टांकसाळींत १९१८ सालचीं सावरीनें पाडलीं गेलीं आणि त्याच वर्षीं तितक्याच वजनाची व कसाची पंधरा रुपयांची मोहरही पाडली गेली. भारत सरकारनें २०१५ मध्यें अशोकचक्राची छाप असलेलें ९९९ कसाचें सोन्याचें नाणें काढलें. कोणतेंही घ्या; त्या दिवशींच्या दरानें शुद्ध वजनाचा गुणाकार करा, मागितलेल्या किंमतींतून तो वजा करा, आणि उरलेली रक्कम कशाची, तें विचारा. घडणावळ, कर आणि नफा ह्यांपैकीं विकतांना बहुधा कांहींच परत येत नाहीं. टांकसाळ जीं स्मारक नाणीं काढते (नेहरूंच्या स्मरणार्थ १९६४ मध्यें हा प्रघात सुरू झाला), त्यांचे संच हौसेचे होत. हौस म्हणून अवश्य घ्यावे. मुलीच्या लग्नाची तरतूद म्हणून घेऊं नयेत.

दोन कायदे मात्र ध्यानांत असूं द्यावेत. आमच्या गांवीं इमारतींचे पाये रोज खणले जात आहेत, म्हणून सांगतों. १८७८ च्या कायद्याप्रमाणें जमिनींत सांपडलेल्या दहा रुपयांहून अधिक किंमतीच्या धनाची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास द्यावी लागते. आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनें नाणें ही पुराणवस्तु होय. तें खाजगी रीतीनें परदेशीं पाठवितां येत नाहीं. जोगळटेंभीचा सांठा अभ्यासकांच्या हातीं लागला म्हणून इतिहास उजेडांत आला. सराफाच्या मुशींत गेला असता तर दोन हजार वर्षांची साक्ष एका दिवसांत पुसली गेली असती.

आतां राहिलें तें आठ लाखांचें नाणें. रामसीता, हनुमान इत्यादि चित्रें आणि १६१६, १७१७, १८१८ असलीं सालें असलेलीं नाणीं ईस्ट इंडिया कंपनीनें कधींही पाडलीं नाहींत. त्या भाविकांसाठीं मागाहून केलेल्या मुद्रा आहेत. आणि रिझर्व्ह बँकेनें २०२१ मध्यें जाहीर केलेंच आहे कीं, जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रींत ती पडत नाहीं आणि त्यासाठीं कोणतेंही शुल्क मागत नाहीं. तेव्हां पैसे देण्यापूर्वीं जो आपणांकडूनच पैसे मागतो, तो ग्राहक नव्हे.

असो. आजींनीं शेवटीं काय केलें, तें सांगून रजा घेतों. १९४७ चा रुपया नातवाच्या हातीं खेळावयास गेला. चांदीचे दोन रुपये वेगवेगळ्या कागदांत गुंडाळून, वर चांदीचें वजन लिहून, पेटींत ठेवले. पुतळीचा कस तपासला; ती इकडील घडणीची निघाली, तरी सोनें चांगलें. ती सुनेला द्यावयाची ठरली. शिवराई आणि रामसीतेचें नाणें देवघरांत गेलें. आणि नातवाच्या बँकेच्या खात्यांतले साडेसात हजार रुपये जागच्या जागीं राहिले. त्या दिवशींच्या थैलींतला सर्वांत मोठा लाभ, माझ्या मतें, तोच होय.